पाहुण्याची मासोळी

आमचा तलाव आपल्या हातानं गेला, असं माझी माय मानते. बाकी कोणी तसं मानत नाही. बाबा मानत नाहीत, पाळीवरचे लोक मानत नाहीत, आणि मी तर या गोष्टीवरून तिच्याशी इतक्या वेळा भांडले आहे की आता ती माझ्यासमोर हा विषय काढत नाही. पण तिनं एकदा मनात धरलं की ब्रह्मदेव खाली उतरला तरी तिची समजूत निघायची नाही.

तलाव सौंसरहून मोहगावकडे जाताना रस्त्यापासून बराच आत, संत्र्याच्या बागांच्या मागे आहे. त्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आम्हा मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला कपाशी. तलाव सरकारचा, मासोळी समितीची आणि मेहनत आमची, असा तिथला हिशेब. बाबा समितीचे पुढारी होते. पुढारी म्हणजे ज्याच्या दारात सगळे भांडायला येतात आणि चहा पिऊन जातात तो. मी लग्न होऊन पांढुर्ण्याला आले, तिथल्या शाळेत शिकवते, पण सुट्टी लागली की माझे पाय आपोआप बसस्टँडकडे वळायचे. सासूबाई म्हणायच्या, हिला दर महिन्याला पाण्याचा वास घ्यावा लागतो. खोटं नव्हतं.

आमच्यात पाण्यातलं काम माणसांचं. मासोळी एकदा डोंग्यातून पाळीवर आली की मग ती बायांची. सकाळी डोंगे काठाला लागायचे तेव्हा माय पदर खोचून उकिडवी बसायची आणि तिचे हात चालू व्हायचे. बाजाराची मासोळी एकीकडे, घरची एकीकडे. आणि एक तिसरा ढीग असायचा, लहानसा, त्याकडे कोणी पाहायचं नाही. फाटलेली, चिरडलेली, डोळा पांढरा झालेली, अंगावर काही डाग-चट्टा असलेली मासोळी त्यात जायची. ती कोणाला द्यायची नाही, कुत्र्यालासुद्धा नाही. पाळीच्या मागे खड्डा करून पुरून टाकायची, आणि तेही बाजाराची गिऱ्हाइकं यायच्या आधी. लहानपणी मी विचारलं होतं की लपवायचं कशाला. माय म्हणाली होती, "तलावाची चुगली करू नाई. तलाव रुसते."

रुसण्याबिसण्याचं सोडा, त्यात बाजारातलं शहाणपणही होतं. एक डागाळलेली मासोळी टोपल्यात दिसली की पुढच्या बाजारी अख्खं टोपलं परत घेऊन यावं लागतं. सौंसरच्या बाजारात बाया मासोळीचा कल्ला उघडून, बोटानं दाबून, वास घेऊन मग भावाला तोंड उघडतात. त्यांच्यापुढे बसायचं म्हणजे परीक्षाच.

दुसरा नियम पाहुण्याचा. पाहुण्याच्या ताटात शेपटीचा तुकडा वाढायचा नाही, आणि पाहुण्याच्या हातात मासोळी द्यायची तर खवला न खवला शाबूत पाहिजे. आणि पाहुणे आमच्याकडे कमी नव्हते. ज्याच्या बुडाखाली जीप तो आमचा पाहुणा. कुठल्या कुठल्या खात्याचे साहेब पाळ पाहायला, पाणी पाहायला, नुसतंच काहीतरी पाहायला यायचे. जाताना सगळे एकाच सुरात म्हणायचे, थोडी मासोळी मिळेल का. काही जण तर बर्फाचा डबा घेऊनच यायचे. माय हसत हसत भरून द्यायची आणि जीप वळली की म्हणायची, "पाणी पाहाले आले होते बाप्पा, डबा कायले आणला होता त मंग?"

हे इतकं सांगितलं, कारण हे माहीत नसेल तर पुढचं कळणार नाही. ज्यांना कळायला हवं होतं त्यांना ते माहीत नव्हतं.

त्या हिवाळ्यात मरळीच्या अंगावर लाल चट्टे दिसायला लागले. आधी एखाद-दुसऱ्या मरळीवर. माय म्हणाली, दगडाला घासली असेल. मग रोहूवरही दिसले, नाण्याएवढे, मधे मांस उघडं पडलेलं. तिसरा ढीग वाढला. मी नाताळच्या सुट्टीत गेले होते, तेव्हा पाळीमागचा खड्डा मोठा केलेला दिसला. बाबांना विचारलं तर म्हणाले, "थंडीनं होऊन राहिलं असन. ऊन पडलं की जाईन." त्यांच्या आवाजात खात्री नव्हती. ते रोज सकाळी जाळं ओढायच्या आधी थोडा वेळ पाण्याकडे बघत उभे राहायचे, तापलेल्या लेकराच्या खाटेपाशी उभं राहावं तसे.

त्याच सुट्टीत गाडी आली. त्यातून दोन जण उतरले. एक वयस्कर साहेब, हिंदी बोलणारे, दुसरा तरुण आणि चांगलं मराठी बोलणारा. हे मुद्दाम सांगते. कारण नंतर ज्यांना ज्यांना मी ही हकीकत सांगितली ते सगळे म्हणाले, भाषेचा घोटाळा झाला असेल. भाषेचा काहीही घोटाळा झाला नाही. आणि माणसंही वाईट नव्हती. साहेबांनी पाळीवर चढून पाण्याला हात जोडले, खाटेवर बसायच्या आधी बाबांना बसवलं, चहाचं कौतुक केलं. तरुण मुलगा मायला मावशी म्हणाला. आम्ही शास्त्रज्ञ आहोत, या भागातल्या तलावांची पाहणी करतो आहोत, असं त्यानं सांगितलं. त्यांनी डोंग्यातून मधोमध जाऊन बाटल्यांत पाणी भरून घेतलं, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या. बाबा स्वतः डोंगा चालवत होते आणि त्यांची मान ताठ होती. इतक्या मोठ्या माणसांनी आपला तलाव पाहावा याचा त्यांना अभिमान वाटत होता.

मग गाडीतून थर्माकोलचा डबा निघाला. त्यात बर्फ होता. तरुण मुलगा म्हणाला, "मावशी, थोडी मासोळी लागेल आम्हाला. वेगवेगळ्या जातीची द्या."

माय माझ्याकडे बघून डोळ्यांत हसली. डबा निघणारच हे तिला ठाऊक होतं. पण ही माणसं तिला आवडली होती, म्हणून तिनं त्या दिवशी हात राखला नाही. बाजाराच्या ढिगातूनही निवडून निवडून काढली. लखलखीत रोहू, कतला, आणि एक मरळ अशी की तिच्यावर पाण्याचा थेंबसुद्धा ठरत नव्हता. ती मरळ मिळावी म्हणून तिनं काकांच्या डोंग्यातला अख्खा ढीग उपसला. मग सगळी धुतली, डब्यात ओळीनं ठेवली. साहेब म्हणाले, बहुत बढ़िया. तिसरा ढीग तेव्हा पाळीमागे मातीखाली गेलेला होता.

ती मासोळी कशाला हवी होती ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. पाहुण्यानं मागितलेल्या मासोळीचं काय करणार, हे कोण विचारतं? पाणी तपासायला नेलं आणि मासोळी खायला नेली, असं आम्ही सगळे धरून चाललो. मी शिकलेली, बीएड झालेली, मलाही दुसरं काही सुचलं नाही. आणि त्यांना वाटलं असेल, शास्त्रज्ञ मासोळी नेतो ती तपासायलाच नेतो, त्यात सांगायचं काय.

बाबा चट्ट्यांविषयी बोलणार होते. निघताना त्यांनी एकदा तोंड उघडलंही होतं. पण साहेब त्यांचा हात हातात घेऊन म्हणत होते की तुम्ही तलाव फार छान ठेवला आहे, आणि अशा वेळी घरातलं दुखणं कोण काढणार.

काही आठवड्यांनी समितीच्या सचिवांच्या फोनवर निरोप आला. तपासणीत काही वावगं निघालं नाही, तलाव निरोगी आहे. बाबांनी पाळीवर सगळ्यांना गोळा करून सांगितलं. मग मला पांढुर्ण्याला फोन केला आणि तेच पुन्हा सांगितलं. म्हणाले, "मी म्हणत नव्हतो? थंडीचंच होतं थे. मोठ्या लोकायनं पाहून सांगतलं ना आता." त्यांच्या मनावरची धोंड उतरली होती. आता चट्टे दिसले तरी कोणी घाबरत नव्हतं. शहाण्या माणसांनी पाहून ठीक म्हटलं आहे, मग आपण कोण शंका घेणारे? जाळी एका डोंग्यातून दुसऱ्या डोंग्यात जात राहिली. वरच्या बागांतून येणारा पाण्याचा ओहोळ तसाच येऊ दिला. कोणी काही केलं नाही, कारण काही करायची गरज नाही असं कळवण्यात आलं होतं.

पुढच्या बाजारांत काय झालं ते मायनं मला नीट कधी सांगितलं नाही, काकूनं सांगितलं. मायच्या टोपल्यातल्या मासोळीचा कल्ला एका बाईनं उघडला आणि आत लाल दिसलं. माय इतकी जपून निवडायची, तिच्याही नजरेतून आता सुटायला लागलं होतं, इतकं ते पसरलं होतं. ती बाई मोठ्यानं काही बोलली नाही. नुसती हात झटकून उठली आणि शेजारणीच्या कानाला लागली. त्या दिवशी आमच्या पाळीवरच्या एकाही बाईचं टोपलं रिकामं झालं नाही. मग मोहगावचा बाजार आम्हाला बंद झाला, मग जामसांवलीच्या रस्त्यावरचे ढाबे.

आणि पाणी तापायच्या आत मासोळी वर यायला लागली. मी गेले तेव्हा सकाळी धुकं होतं आणि काठाला पांढरं पांढरं काही लागलेलं होतं. मला आधी फेस वाटला. बाबा गुडघाभर पाण्यात उभे राहून ते टोपल्यानं काढत होते. मी हाक मारली तरी त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

तलाव मेला असं म्हणतात ते खरं नव्हे. पाणी आहे, बगळे आहेत, काही मासोळीही तगली. पण बाजारात नाव गेलं की तलाव असून नसल्यासारखा. त्या तलावाची मासोळी म्हटलं की आजही माणसं तोंड फिरवतात. पाळीवरची पोरं नागपूरकडे कामाला गेली. काका-काकू मुलाकडे गेले. बाबा संत्र्याच्या तोडीवर जायला लागले. जन्मभर पाण्यात वावरलेला माणूस, शिडीवर चढले की त्यांचे पाय लटपटतात. तोडणारी पोरं त्यांची गंमत करतात, ढिवरबुवा, इथं बुडायची भीती नाही. बाबाही हसतात. घरी आले की मुकाट जेवतात आणि पाळीकडे पाठ करून बसतात.

पुढच्या वर्षी दिवाळीत एक बाई आली. बसनं सौंसरपर्यंत, तिथून ऑटोनं आणि शेवटचा तुकडा पायी. तिशीतली असेल, पायांत साध्या चपला, खांद्याला पिशवी. डबा नव्हता. मी दारात होते. शास्त्रज्ञ आहे म्हणाली तसं माझं डोकं फिरलं. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही, उभीच ठेवली. म्हटलं, मासोळी संपली, आता काय न्यायला आलात?

तिला मराठी येत नव्हतं. हिंदीत म्हणाली की न्यायला काही नाही. या तलावात काय झालं ते समजून घ्यायचं आहे, म्हणजे आसपासच्या तलावांवर अशी पाळी आली तर वेळेत ओळखता येईल. तुम्ही सांगाल ते मी लिहून घेईन, कुठं वापरेन ते आधी सांगेन, आणि तुम्हाला बोलायचं नसेल तर परत जाईन. मी 'जा' म्हणणारच होते. आतून माय म्हणाली, "येऊ दे तिले. दमून आली असन."

तिनं खाली चटईवर मांडी घातली. बाबा भिंतीला टेकून बसले होते. तिनं प्रश्न विचारला की गप्प बसायची. माय आपल्या मोडक्या हिंदीत नाहीतर सरळ आपल्या बोलीत उत्तर द्यायची, आणि बाई मधे कधी तोडायची नाही, नाही कळलं तर माझ्याकडे पाहायची. मीही हळूहळू दुभाष्याचं काम करायला लागले, रागातच. मायला खूप दिवसांनी कोणीतरी मासोळीबद्दल विचारत होतं. ती खुलत गेली. हात हलवून हलवून सांगत होती, चट्टा कसा दिसायचा, आधी कुठं उठायचा, कुठल्या जातीला जास्त.

बाईनं विचारलं, हे पहिल्यांदा कधी दिसलं?

माय म्हणाली, "थे साहेब लोक आले ना, त्याच्याही आंधी."

बाईचं लिहिणं थांबलं. तिनं विचारलं की मग त्यांना कुठली मासोळी दिली होती.

"सगळ्यात चांगली," माय म्हणाली, आणि तिचा चेहरा अजूनही त्या आठवणीनं उजळला. "निवडून निवडून देल्ली. पाहुण्याले खायाले खराब देते का कोणी?"

काहीतरी बाईच्या चेहऱ्यावर आलं असणार, कारण मायनं तिच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. माझी माय शाळेत गेलेली नाही. पण ती माणसाचं तोंड वाचते. तिनं हळूच विचारलं, "खायाले नव्हती नेली?"

बाईनं मान हलवली. नाही, तपासायला.

बाहेर पोरं फटाके उडवत होती. मायच्या मनात एकेक गोष्ट जागेवर बसत होती आणि मला ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. चांगली मासोळी गेली, म्हणून तपासणीत चांगलं निघालं, म्हणून निरोप आला, म्हणून आम्ही निर्धास्त झालो. मग तिनं तो प्रश्न विचारला. माझ्याकडे न पाहता, थेट त्या बाईला.

"मी थे चट्ट्यायची मासोळी देल्ली असती तं तलाव वाचला असता का?"

मी बाईकडे पाहून मान हलवली. मायच्या पाठीमागून, स्पष्ट, दोनदा. नाही म्हण. तेवढंच तर होतं. काय बिघडलं असतं? बाईनं माझ्याकडे पाहिलं, माझी खूण तिला कळली, हेही मला कळलं. मग तिनं मायकडे पाहिलं.

"हाँ माँजी," ती म्हणाली. "शायद बच जाता."

आणि मग सांगितलं की तेव्हा कळलं असतं तर चुना टाकायला सांगितलं असतं, वरचं पाणी अडवायला सांगितलं असतं, काही मासोळी तरीही गेलीच असती पण बरीचशी राहिली असती. म्हणाली, तुम्ही पाहुण्याला जे द्यायचं तेच दिलंत. मासोळी कशाला हवी आहे ते सांगणं आमचं काम होतं, आजारी काही दिसतं का ते विचारणं आमचं काम होतं. ते आम्ही केलं नाही. बाबा उठून बाहेर गेले. माय हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

बाईला रस्त्यापर्यंत सोडायला मीच गेले, कारण कुत्री होती. वाटेत मी तिला वाटेल ते बोलले. तुमच्या लोकांनी आमचा तलाव घालवला आणि तुम्ही आज येऊन माझ्या मायचं काळीज घालवलंत. एक शब्द खोटा बोलला असतात तर तुमचं शास्त्र बुडालं असतं का? ती ऐकून घेत होती. तिचे डोळे भरले होते, पण तिनं माझी क्षमाबिमा मागितली नाही. शेवटी एवढंच म्हणाली की तुमच्या आईंनी विचारलं होतं. उन्होंने पूछा था. ऑटो आली आणि ती बसून गेली. राग इतका होता की मी हातसुद्धा हलवला नाही.

परत आले तर माय चुलीपाशी बसली होती. चूल पेटवली नव्हती. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, मनावर घेऊ नको. दगडाच्या काळजाची बाई, हिला कोणी बोलावलं होतं.

"तिले नावं ठेवू नको," माय म्हणाली.

मी म्हटलं, काऊन नाही ठेवायची?

ती चुलीकडे पाहतच म्हणाली, "इतके साहेब आले माह्या दारात. सारे गोड बोलून गेले. मी काई विचारलं तं हसले, मावशी मावशी म्हणाले. म्या विचारलेलं खरंखरं सांगणारी हे पयली. तुह्या बाबानंही मले असं कधी सांगतलं नाई. तूही नसतं सांगतलं."

मी तर दोनदा मान हलवली होती.

तलावाची मासोळी वर आली तेव्हा माय रडली नव्हती. बाजारातून टोपलं भरलेलं परत आणलं तेव्हा रडली नव्हती, काकू घर सोडून गेली तेव्हाही नाही. त्या संध्याकाळी ती रडली. मी तिला उगी म्हणायला तोंड उघडलं, पण म्हटलं नाही, तिला रडू दिलं.